सत्त्याण्णव मिनिटांचं भजन, ऐंशी मिनिटांची सीडी



मासिकाच्या मराठी विभागासाठी काहीतरी टेक्निकल, पण मेसमधल्या मावशींनाही कळेल असं लिहून दे, असा आदेश झाला तेव्हा मी जरा घाबरलेच. मी कॉन्व्हेंटची. आमच्याकडे मराठीचा तास म्हणजे पुढच्या तासाचा होमवर्क उरकायची वेळ. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची चूकभूल द्यावी घ्यावी. विषय मात्र माझ्या हातून नुकताच पार पडलेला आहे, त्यामुळे तो तरी चुकणार नाही.

आमच्या आजीकडे गावी एक व्हीसीडी प्लेअर आहे. आजोबांनी २००४ साली घेतलेला. त्याला जोडलेला टीव्ही पाठीमागून मोठ्ठा पोट सुटलेला, लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचा. या प्लेअरवर आजी एकच कार्यक्रम बघते. माघी गणपतीला २००१ साली देवळात झालेलं भजन, ज्यात आजोबा बुवा होते. पेटीवर तेच, गायलाही तेच. गावातल्या शूटिंगवाल्याने ते व्हीएचएस कॅसेटवर घेतलं होतं. पुढे तालुक्याच्या एका दुकानात त्याच्या दोन व्हीसीडी करून घेतल्या. कॅसेटला कोकणातल्या पावसात बुरशी आली आणि ती फेकली गेली. आजोबा २०११ मध्ये गेले, तेव्हा मी सहा वर्षांची होते. म्हणजे आमच्या घरात त्यांचा आवाज आहे तो या दोन तबकड्यांवर, बाकी कुठेही नाही.

कार्यक्रम आहे ९७ मिनिटांचा. दुकानदाराने पहिल्या सीडीत बसतील तेवढी ७४ मिनिटं भरली आणि उरलेली २३ दुसरीत टाकली. कुठे तोडतोय हे त्याने बघितलंच नाही. आजोबांनी गजराला सुरुवात करून आवाज वर नेला की बरोबर तिथे पडदा निळा होतो. मग आजीने गुडघे धरून उठायचं, सीडी काढायची, दुसरी घालायची, परत येऊन बसायचं. गेल्या दिवाळीत मी तिथे होते. पहिली सीडी संपली आणि आजीने सरळ टीव्ही बंद केला.

मी म्हटलं, "अगं आजी, अजून आहे ना पुढे?"

"असू दे गो. उठून बसेपर्यंत मन निघून जातं. भैरवी ऐकून किती वर्षं झाली कुणास ठाऊक."

आता तुम्ही म्हणाल, मोबाइलवर टाकून दे, पेनड्राइव्ह लाव, नवा प्लेअर घे. हे सगळं घरात बोलून झालं होतं. मोबाइलवर आजीला आजोबा "मुंगीएवढे" दिसतात. नवा प्लेअर आला की नवा रिमोट आला, आणि तिला तो नको आहे. हा प्लेअर आजोबांनी आणलेला आहे, त्यामुळे त्या बाबतीत चर्चाच नाही. मग प्रश्न उरला तो असा: ९७ मिनिटांचा व्हिडिओ एका सीडीवर, त्याच प्लेअरवर चालेल असा, बसवता येतो का? आजीला मी "सेमिस्टर संपायच्या आत देते" असं सांगून बसले. नंतर कळलं की आपण काय कबूल केलंय.

आधी सीडीचा हिशेब बघू. सीडी मुळात गाण्यांसाठी जन्माला आली, १९८२ मध्ये. गाण्याचे सेकंदाला ४४,१०० नमुने, दोन चॅनल, प्रत्येक नमुना १६ बिटचा. गुणाकार करा, सेकंदाला १,७६,४०० बाइट होतात. सीडीवर हे एका सर्पिल रेषेत लिहिलेलं असतं. ही रेषा सरळ केली तर साधारण साडेपाच किलोमीटर भरेल. त्या रेषेचे तुकडे म्हणजे सेक्टर. एका सेकंदाला ७५ सेक्टर आणि एका सेक्टरमध्ये २३५२ बाइट. ८० मिनिटांच्या सीडीत ८० गुणिले ६० गुणिले ७५, म्हणजे ३,६०,००० सेक्टर झाले.

यातली गंमत पुढे आहे. तुम्ही सीडीवर असाइनमेंट किंवा सॉफ्टवेअर टाकता तेव्हा प्रत्येक सेक्टरमधले २०४८ बाइटच तुमच्या वाट्याला येतात. बाकीच्या जागेत पत्ता वगैरे असतो आणि मुख्य म्हणजे चूक दुरुस्त करण्यासाठीचे जादा बाइट असतात. प्रोग्रॅममधला एक बिट जरी उलटा झाला तरी अख्खा प्रोग्रॅम मेला, म्हणून ही काळजी. या हिशेबाने डबीवर ७०० एमबी लिहिलेलं असतं. व्हिडिओचं तसं नाही. एखाद्या फ्रेममध्ये एक चौकोन क्षणभर हिरवा झाला तर कोणी मरत नाही. म्हणून व्हीसीडीत तो दुरुस्तीचा जादा थर काढून टाकला आणि सेक्टरमधले २३२४ बाइट व्हिडिओला दिले. ३,६०,००० गुणिले २३२४ म्हणजे ८३ कोटी ६६ लाख ४० हजार बाइट, जवळजवळ ८०० एमबी. ७०० एमबीच्या सीडीवर ८०० एमबीचा पिक्चर कसा काय बसतो, हा प्रश्न आपल्या आधीच्या पिढीतल्या होस्टेलवाल्यांना नक्की पडला असणार. त्याचं उत्तर हे आहे.

याची किंमतही मोजावी लागते. गाण्याच्या सीडीत असते ती मूळ दुरुस्ती व्हीसीडीतही असतेच, पण वरचा थर नसल्यामुळे ओरखडा पडला की व्हीसीडी लवकर अडखळते. आणि ती फाइल कॉम्प्युटरवर कॉपी करायला गेलात की ९६ टक्क्यांवर कॉम्प्युटर हात वर करतो. आपल्या स्टाफपैकी अनेकांनी हे भोगलं असेल.

व्हीसीडीचे नियम १९९३ मध्ये ठरले. फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी मिळून ते केले आणि त्या नियमांच्या पुस्तकाला व्हाइट बुक म्हणतात. नियम अगदी कडक. आपल्याकडच्या पाल पद्धतीसाठी चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, सेकंदाला २५ फ्रेम. चित्राला सेकंदाला ११५० किलोबिट, आवाजाला २२४ किलोबिट. ना कमी, ना जास्त. हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत. गाण्याची सीडी ज्या वेगाने फिरते त्याच वेगाने फिरवून सेकंदाला जे ७५ सेक्टर मिळतात, त्यात चित्र आणि आवाज दोन्ही बसवायचे म्हणून ते तसे ठरले. त्यामुळेच गाण्याची सीडी जेवढ्या मिनिटांची, तेवढ्याच मिनिटांची व्हीसीडी. ७४ किंवा ८०. 'लगान' २२४ मिनिटांचा आहे, म्हणजे त्याला तीन सीडी लागणारच. दुकानदाराची लबाडी नाही ती.

आता ११५० किलोबिट म्हणजे किती कमी, ते बघा. ३५२ बाय २८८ चं चित्र कच्चं ठेवायचं म्हटलं तर रंगात थोडी काटकसर करूनही सेकंदाला सुमारे ३८ लाख बाइट लागतात. असा कच्चा व्हिडिओ ८० मिनिटांच्या सीडीवर फक्त ३ मिनिटं ४० सेकंद मावेल. पेटीचा सूर लागेपर्यंत सीडी संपली. म्हणजे व्हीसीडीत चित्र साधारण २६ पट दाबलेलं असतं. हे दाबण्याचं काम करणाऱ्या पद्धतीचं नाव एम्पेग-१.

एम्पेग दोन युक्त्या वापरतं. पहिली युक्ती एका फ्रेमच्या आतली. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यातले ६४ आकडे दुसऱ्या ६४ आकड्यांत बदलायचे. नवे आकडे सांगतात की या तुकड्यात सावकाश बदलणारा भाग किती आणि बारीक नक्षी किती. आपल्या डोळ्यांना बारीक नक्षीतली चूक फारशी कळत नाही, म्हणून ते आकडे ढोबळ करून टाकायचे. बरेचसे शून्य होतात, आणि शून्यांची रांग लिहायला जागा लागत नाही. या बदलाला डी.सी.टी. म्हणतात. आपल्या सिग्नल प्रोसेसिंगच्या पेपरात ते दहा मार्कांना येतं आणि आपण ते घोकून येतो. ते शोधणारे नासिर अहमद हे मूळचे बंगळूरचे, तिथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून १९६१ मध्ये पास झालेले. अमेरिकेत प्राध्यापक असताना १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेसाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले, तर कल्पना फारच साधी आहे या कारणावरून नकार आला. तरी त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर त्यांचा पेपर जानेवारी १९७४ मध्ये छापून आला. आपल्या फोनमधला प्रत्येक जेपेग फोटो याच साध्या कल्पनेवर चालतो. व्हायव्हाला एक्स्टर्नलने "यात नवीन काय?" असं विचारलं की मला हल्ली अहमद सर आठवतात.

दुसरी युक्ती फ्रेम आणि फ्रेममधली. दर बारा-पंधरा फ्रेमनंतर एकच फ्रेम पूर्ण लिहायची. मधल्या फ्रेममध्ये फक्त एवढंच सांगायचं की मागच्या फ्रेमपेक्षा काय बदललं आणि कोणता चौकोन किती सरकला. हे चौकोन सोळा बाय सोळा ठिपक्यांचे असतात, त्यांना मॅक्रोब्लॉक म्हणतात. ही युक्ती भजनाला भलतीच सोयीची आहे. माणसं मांडी घालून बसलेली, कॅमेरा स्टँडवर, हलतात ते टाळ आणि पखवाजावरचे हात. मागची भिंत, गणपतीची मखर, सतरंजी, सगळं एकदा लिहिलं की झालं. फुकट.

निदान मला तसं वाटलं होतं. प्रत्यक्षात मखरीला लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ आहे. सेकंदाला दोनदा अर्धी भिंत लाल होते आणि विझते, आणि एम्पेग बिचारं प्रत्येक वेळी भिंत नव्याने लिहीत बसतं. त्यात शूटिंगवाल्याला हौस. एका अभंगातून दुसऱ्यात जाताना आजोबा बदामाच्या आकारातून गोल फिरत येतात.

असो. ९७ मिनिटं बसवायच्या ज्या वाटा लोक सांगतात त्या मी आधी पाहिल्या. ९० आणि ९९ मिनिटांच्या सीडी एकेकाळी मिळायच्या. पण कोऱ्या सीडीवर तिची लांबी ज्या रकान्यात नोंदलेली असते त्यात ७९ मिनिटं ५९ सेकंदांच्या पुढचा आकडा लिहायची सोयच नाही. त्यामुळे या सीडी स्वतःची लांबी खोटी सांगतात, आणि सर्पिल दाटीवाटीने आखलेलं असल्यामुळे जुन्या प्लेअरच्या लेसरची वाट चुकते. ही वाट बंद. सुपर व्हीसीडी हे १९९८ च्या सुमारास चीनमध्ये पुढे आलेलं रूप. चित्र ४८० बाय ५७६ चं, छान दिसतं, पण एम्पेग-२ वापरतं आणि सीडी दुप्पट वेगाने खातं. पूर्ण वेगात ४० मिनिटांत सीडी खलास. आपल्याला हवं त्याच्या बरोब्बर उलट. डिव्हएक्स आणि एक्सव्हिड यांनी २००० नंतर ७०० एमबीत अख्खा पिक्चर, तोही बऱ्या चित्रासह बसवला आणि होस्टेलांची सोय केली, पण ते एम्पेग-४. आजीच्या प्लेअरमधली चिप एम्पेग-१ सोडून काहीही ओळखत नाही. आजीही एम्पेग-१ च आहे म्हणा.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे कापणं. सुरुवातीला सहा मिनिटं नुसती माइक टेस्टिंग, सतरंजी सरकवणं, कुणाला तरी चहा. तेवढं काढलं तर ओझं हलकं होतं. मी तसा एक तुकडा लॅपटॉपवर आजीला दाखवलाही. ती म्हणाली, "आणि हे हॅलो हॅलो करतात ते कुठाय?" आजोबांचा गाण्याशिवायचा, साधा बोलण्याचा आवाज तेवढाच आहे. तेव्हा कापणं बाद. ९७ म्हणजे ९७.

मग नियम मोडूनच बसवायचं ठरवलं. नियम मोडलेल्या व्हीसीडीला एक्सव्हीसीडी म्हणायची पद्धत आहे. चित्राची चौकट आणि एम्पेग-१ तेच ठेवायचं, फक्त बिटचा दर बदलायचा. प्लेअरने स्वीकारलं तर ठीक, नाही तर नाही.

हिशेब मांडला. ९७ मिनिटं म्हणजे ५८२० सेकंद. ११५० किलोबिट म्हणजे सेकंदाला १,४३,७५० बाइट. गुणाकार केला, ८३ कोटी ६६ लाख २५ हजार. आणि सीडीत जागा किती, तर ८३ कोटी ६६ लाख ४० हजार! कॅल्क्युलेटरवर हे बघून मला हसूच आलं. नुसतं चित्र अगदी काठोकाठ बसतं, भजन बाहेर राहतं. आजोबा दिसतील, तोंड हलवतील, पण ऐकू येणार नाहीत.

म्हणून आधी आवाजाकडे वळले. नियमाप्रमाणे २२४ किलोबिट दोन चॅनलना मिळून. पण शूटिंगवाल्याच्या कॅमेऱ्याला माइक एकच होता. मग दोन चॅनलमध्ये वेगळं असं काय आहे? डावा चॅनल उलटा केला आणि उजव्यात मिसळला. दोन्ही सारखेच असतील तर एकमेकांना खाऊन टाकतील. तसंच झालं, जवळजवळ पूर्ण शांतता. म्हणजे दुकानदाराने एकच आवाज दोनदा लिहून ठेवला होता आणि त्याला दुप्पट जागा दिली होती. मी मोनो केला आणि २२४ च्या निम्मे, ११२ किलोबिट दिले. एका चॅनलच्या वाट्याला पूर्वी जेवढं येत होतं तेवढंच आताही येतं. भजनाच्या आवाजाला फारसा धक्का न लावता अर्धी जागा मोकळी! सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त आनंद इथे झाला.

आता उरलेलं चित्राला. शीर्षकाचा ट्रॅक वगैरेसाठी थोडी जागा सोडली, ८३ कोटी बाइट धरले. भागिले ५८२०, सेकंदाला साधारण ११४० किलोबिट. त्यातून पाकिटांवरचे पत्ते लिहायला दोनेक टक्के जातात. राहिले ११२०. त्यातून आवाजाचे ११२ वजा, १००८. मी सरळ १००० धरले. म्हणजे ११५० ऐवजी १०००. फक्त १३ टक्क्यांची कपात. ऐंशीच्या सीडीवर सत्त्याण्णव मिनिटं म्हटल्यावर मला वाटलं होतं की चित्राचा चिखल होईल.

पण थोडा चिखल तरीही झाला. कारण मूळ व्हीसीडीच आधी एकदा दाबलेली. तिच्यातले चौकोन नवं एम्पेग खरी नक्षी समजून जपत बसतं. त्यावर कॅसेटच्या मुंग्या. पडद्यावर जी बारीक चुरचुर दिसते ती प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी असते. मागच्या फ्रेमवरून तिचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून दुसरी युक्ती तिथे निकामी ठरते. आपले बिट आजोबांच्या चेहऱ्यावर खर्च व्हायच्या ऐवजी भिंतीवरच्या मुंग्यांवर खर्च होतात. उपाय म्हणजे दाबण्याआधी मुंग्या पुसणारं फिल्टर लावायचं, जे शेजारच्या फ्रेम बघून सरासरी काढतं. हलक्या हाताने. पहिल्या वेळी मी ते जोरात लावलं आणि टाळ वाजवणाऱ्यांच्या हातांना शेपट्या फुटल्या.

दुसरा उपाय मला जाम आवडला. आजीच्या टीव्हीसारखा जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही चित्राच्या कडा दाखवतच नाही. चारही बाजूंनी थोडं थोडं चित्र चौकटीच्या मागे जातं. शिवाय कॅसेटवरून घेतलेल्या चित्रात अगदी खालच्या ओळींमध्ये नेहमी एक वळवळणारी पट्टी असते. घरी ती कुणाला दिसत नाही, पण एम्पेगला दिसते आणि ते इमानदारीने तिच्यावर बिट उधळतं. तर कडेचा एक एक मॅक्रोब्लॉक, म्हणजे सोळा ठिपक्यांची पट्टी, चारही बाजूंनी काळी करून टाकायची. काळ्याला काहीच लागत नाही. पट्टी बरोबर सोळाचीच हवी. वीसची केली तर पुढच्या चौकोनात अर्धं काळं अर्धं चित्र येतं आणि ते उलट महाग पडतं.

याचा हिशेब करून बघा. ३५२ बाय २८८ म्हणजे आडवे २२ आणि उभे १८, एकूण ३९६ मॅक्रोब्लॉक. कडा गेल्यावर २० गुणिले १६, म्हणजे ३२०. पूर्वी ११५० किलोबिट ३९६ जणांत वाटले जायचे, प्रत्येकाला सेकंदाला सुमारे २९०० बिट. आता १००० किलोबिट ३२० जणांत, प्रत्येकाला ३१२५. पूर्वीपेक्षा जास्त! मेसमध्ये भाजी कमी झाली पण जेवणारेच कमी आले, तसं.

बिट सगळीकडे सारखे वाटायचे नाहीत, हेही केलं. दोन फेऱ्यांत दाबायचं. पहिल्या फेरीत कुठे किती लागतंय ते फक्त मोजायचं, दुसऱ्या फेरीत शांत ठिकाणचे बिट काढून गजराला द्यायचे. वरची मर्यादा मात्र ११५० चीच ठेवली, कारण प्लेअर एका सेकंदात ७५ सेक्टरपेक्षा जास्त वाचणार नाही हे गृहीत धरावं लागतं.

यानंतर माझे चार दिवस वाया गेले. एफएफएम्पेगला व्हीसीडी पाहिजे म्हणून सांगितलं, दर १००० दिला, रात्रभर लॅपटॉप चालवला. सकाळी फाइल बघते तर होती तेवढीच मोठी. एक बाइट कमी नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. ९०० केला, तरी तेच! शेवटी कळलं की ते नियमाला इतकं पक्कं आहे की व्हीसीडी म्हटलं की सेकंदाला ७५ सेक्टर भरणारच, आणि आपण वाचवलेल्या जागेत बिनकामाचं भरताड कोंबणार. नियम म्हणजे नियम. मग चित्र आणि आवाज वेगवेगळे काढून एमजेपेगटूल्समधल्या एमप्लेक्सने एकत्र केले. त्यात व्हीसीडीचा असा एक प्रकार आहे की ज्यात दर आपण ठरवतो. फाइल आता बसली. व्हीसीडीइमेजरने तिची प्रतिमा बनवली. बनवताना त्याने नियम मोडल्याबद्दल दोन-तीन ताशेरे मारले, पण काम केलं.

राइट करायला लॅबमधला बाहेरून जोडायचा रायटर सरांनी एका रविवारसाठी दिला, त्यांचे आभार. मी हुशारी करून चाचणीसाठी सीडी-आरडब्ल्यू आणली होती, म्हणजे चुकलं तर पुसून परत लिहिता येईल. गावी जाऊन घातली, प्लेअर म्हणतो सीडीच नाही. आरडब्ल्यू तबकडी लेसरचा प्रकाश जेमतेम १५ ते २५ टक्के परत पाठवते आणि दुकानातली छापील सीडी ७० टक्के. २००४ च्या त्या प्लेअरला समोरचं काहीच दिसलं नाही. सहा तास एसटीने जाऊन हे ज्ञान मिळालं. सुदैवाने पिशवीत दोन साध्या सीडी-आर होत्या, आणि शेजारच्या दादाच्या जुन्या कॉम्प्युटरला रायटर. पहिल्या सीडी-आरवर वीस मिनिटांचाच तुकडा लिहिला, कमी वेगाने. तो चालला. त्याच दादाच्या व्हीसीडी प्लेअरवर मात्र हीच सीडी दर अर्ध्या मिनिटाला अडखळली. म्हणजे दर कमी झाला की सेक्टर लवकर हातात येतात आणि प्लेअरला मधे मधे थांबावं लागतं. ते थांबणं सगळ्या प्लेअरना जमत नाही. नियम इतका कडक का होता, ते मला त्याच्या घरी समजलं.

मग दुसऱ्या सीडीवर अख्खं भजन. आजी आपल्या खुर्चीत बसली, मी खाली. हॅलो हॅलो झालं, चहा आला, सतरंजी सरकली. ७४ व्या मिनिटाला गजर सुरू झाला तशी आजी सवयीने खुर्चीचे हात धरून पुढे सरकली. पडदा निळा झाला नाही. ती तशीच अर्धवट पुढे सरकलेली बसून राहिली, मग हळूच मागे टेकली.

एक गोष्ट चुकीची दिसते, ती दुरुस्त करता आली नाही. प्लेअरचं घड्याळ सेक्टर मोजून वेळ दाखवतं. त्याच्या लेखी ७५ सेक्टर म्हणजे एक सेकंद. आमच्या सीडीत सेकंदाला साधारण ६१ च आहेत. त्यामुळे त्या घड्याळात ९७ मिनिटांचं भजन ७९ मिनिटांच्या आतच संपतं. आजीने ते बघितलं नाही. ती भैरवी बघत होती. "बघ," ती म्हणाली, "भैरवीच्या आधी हे नेहमी पाणी प्यायचे." आणि खरंच, शूटिंगवाल्याच्या बदामातून बाहेर येता येता आजोबा तांब्या खाली ठेवताना दिसतात.

मूळ दोन्ही सीडींची प्रत मी कॉम्प्युटरवर जशीच्या तशी काढून ठेवली आहे, सेक्टर न् सेक्टर, एक बिट न दाबता. नव्या सीडीच्या तीन प्रती केल्या आणि आजीच्या कपाटात अंधारात ठेवल्या, कारण सीडी-आरमधला रंग उन्हाने उतरतो. लेडीज होस्टेलमधल्या दोघींच्या घरी लग्नाच्या व्हीसीडी निघाल्या आहेत. त्यातल्या एकीत १४२ मिनिटं आहेत आणि सप्तपदीच्या मधोमध सीडी बदलावी लागते. हिशेब मांडून बघितला. आवाज तिथे खरोखरच दोन चॅनलचा आहे, आणि चित्राला ६०० किलोबिटही उरत नाहीत. एका सीडीत बसणार नाही. दोनच कराव्या लागतील, पण निदान सप्तपदी संपल्यावर तोडू.